लीड किती?

निकाल लागला की कोण निवडून आलं हे विचारायच्या आधी आमच्या मुदखेडात लीड विचारतात. कोण येणार ते लोकांनी मनात आधीच ठरवलेलं असतं. उत्सुकता उरते ती आकड्याची. माझे मामा या बाबतीत चालतंबोलतं दफ्तर आहेत. सगळी नोकरी रेल्वेत पॉइंट्समन म्हणून झाली. निवृत्तीनंतर गाड्यांचे नंबर विसरत चाललेत, मतांचे आकडे मात्र पक्के. २०१९च्या लोकसभेला अशोकराव चव्हाण प्रतापराव चिखलीकरांकडून किती मतांनी पडले? ४०,१४८. त्या वेळी वंचितनं किती घेतली? १,६६,१९६. जून २०२४मध्ये वसंतराव चव्हाणांनी चिखलीकरांना कितीनं पाडलं? ५९,४४२. त्याच वर्षी विधानसभेला भोकरमधून श्रीजया चव्हाण कितीनं आल्या? ५०,५५१. आणि मग, अत्तराची कुपी शेवटी काढावी तसा, लोकसभेच्या पोटनिवडणुकीचा आकडा: १,४५७.

नोव्हेंबर २०२५मध्ये एकदा मी त्यांना मध्येच तोडलं. “मामा, एवढं पाठ आहे तर सांगा, एक रुपयातला पीकविमा कधी बंद झाला?”

“यंदा झाला ना.”

“यंदा कधी?”

“तारीख काय विचारायलास? मी काय कृषी सहायक हाय का?”

“२९ एप्रिल. मंत्रिमंडळाच्या बैठकीत. बोगस अर्ज लै आले म्हणून एक रुपया बंद केला, हे तुम्हालाही माहीत आहे. पण त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट झाली, ती कुणी बोललं नाही. पेरणीच वाया गेली, हंगामाच्या मध्येच पीक गेलं, शेतात पाणी शिरलं, काढून ठेवलेलं भिजलं, या चारही गोष्टींसाठी आधी विमा मिळायचा. ती कलमं काढली. आता फक्त पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळातले ठरावीक प्लॉट कापायचे, त्यावरून सगळ्या मंडळाचं सरासरी उत्पन्न काढायचं, आणि ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली आलं तरच भरपाई. माझं शेत नाल्याकाठी. माझं एकट्याचं सोयाबीन वाहून गेलं आणि माळावरच्यांचं उभं राहिलं, तर मला शून्य.”

मामांनी पेपरची घडी केली. “बरं. तुला तारीख ठाऊक, कलमं ठाऊक. मग ऑगस्टात पाणी थांबलं का तुझ्या शेतात शिरायचं?”

हा मामांचा नेहमीचा डाव. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माहितीनं काम होत नाही, माणसानं होतं. कलम पाठ असलेला माणूस कचेरीच्या बाहेर बाकड्यावर बसतो. ज्याला कुणाकडं जायचं ते कळतं, तो आत चहा पितो. म्हणून कोण कुणाच्या गटात, कोण कुणावर नाराज, कुणाचं किती चालतं, हे कळणं महत्त्वाचं. लीड म्हणजे कुणाचं किती चालतं याचं माप. “तू याला टाइमपास म्हणतोस. मी याला पत्ता शोधणं म्हणतो.”

यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. नांदेड जिल्ह्यात शंकरराव चव्हाणांच्या काळापासून कामं माणसाच्या नावानं ओळखली जातात. विष्णुपुरी, जायकवाडी म्हटलं की आजही जुनी माणसं आधी शंकररावांचं नाव घेतात. शंकरराव आणि अशोकराव, बाप आणि मुलगा दोघंही मुख्यमंत्री झाल्याचं राज्यातलं पहिलं उदाहरण याच घरचं. पण मला या सवयीचा एक तोटा दिसतो. आपण राजकारण सामन्यासारखं बघतो, आणि सामना बघणाऱ्याचं लक्ष फक्त खेळ चालू असताना असतं. नियम बदलतात ते दोन सामन्यांच्या मधल्या काळात. विधानसभा झालेली, नगरपालिका लांब, लीड विचारायला कुणी नाही. त्या एप्रिलमध्ये विम्याचा नियम बदलला.

“आपण प्रेक्षक झालोय मामा,” मी म्हटलं.

मामा हसले. “प्रेक्षक? २० नोव्हेंबर २०२४ आठव.”

तो दिवस आठवावा असाच आहे. वसंतराव चव्हाण जूनमध्ये खासदार झाले आणि २६ ऑगस्टला गेले. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच घेतली. म्हणजे एकच रांग, एकच शाई, एकच खोली, फक्त यंत्रं दोन. एकावर आमदार, एकावर खासदार. नांदेड लोकसभेत विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड. सहाही महायुतीकडे गेले. जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा गेल्या. आणि त्याच माणसांनी, त्याच मिनिटाला, शेजारच्या यंत्रावर काँग्रेसचे रवींद्र चव्हाण निवडले. ५,८६,७८८ विरुद्ध ५,८५,३३१.

“आता मला सांग,” मामा पुढं सरकून बसले, “प्रेक्षकाला हे जमतं का? भाजपच्या संतुकराव हंबर्डेंना पाडलं आणि त्याच दिवशी नांदेड दक्षिणला त्यांचे बंधू मोहनराव, काँग्रेसचे आमदार, त्यांनाबी पाडलं. एका घरात दोन पक्ष, दोघंबी घरी. मुख्यमंत्री कुणाचा बसणार ते लोकांना दिसत होतं, म्हणून आमदार तिकडचा दिला. आणि वसंतराव गेले, त्यांच्या पोराला पाडायचं नाही, म्हणून खासदार इकडचा दिला. याला अक्कल म्हणतात. दिल्लीवाल्या पंडिताला अजून कळलं नसंल.”

“किंवा लोकसभेला जात वेगळी फिरली, विधानसभेला पैसा वेगळा फिरला, आणि तुम्ही त्याला अक्कल म्हणताय.”

“फिरला असंल. म्हणून पावणेसहा, सहा लाख माणसांनी विचारच केला नाही असं होतं का? सव्वाअकरा लाखाच्या वर मतांत १,४५७चा फरक. हजारात एक. इतकं मोजून कुणी टाकलंय, आणि तू म्हणतोस प्रेक्षक.”

मला हा मुद्दा खोडता आला नाही, आणि खोडावा असंही वाटत नाही. त्या दिवशी मतदारानं जे केलं ते कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्यापेक्षा शहाणपणाचं होतं. त्यानं हिशेब वेगळे ठेवले. माझी तक्रार २१ नोव्हेंबरपासूनच्या दिवसांबद्दल आहे. मोजून मत टाकणारा हाच माणूस दुसऱ्या दिवसापासून मोजणं सोडतो आणि मिरवणुकीतल्या जेसीबीवरून किती गुलाल उधळला ते बघत बसतो.

आणि खेळाशी तुलना करायचीच तर खेळात निदान जर्सी तरी टिकते. चिखलीकर २०१४ला शिवसेनेचे आमदार, २०१९ला भाजपचे खासदार, २०२४च्या ऑक्टोबरात राष्ट्रवादी, नोव्हेंबरात लोह्याचे आमदार. अशोकरावांनी फेब्रुवारी २०२४मध्ये काँग्रेस सोडली आणि महिना संपायच्या आत भाजपकडून राज्यसभेवर निवडून गेले. त्यांना २०१९ला पाडणाऱ्या चिखलीकरांसाठी पाच वर्षांनी तेच मतं मागत होते. हे सांगितल्यावर मामा म्हणाले, “मग काय झालं, रेल्वेत बी बदल्या होतात.” मी म्हटलं, बदली वरून येते, हे स्वतः अर्ज करून जातात.

एवढ्यात मामी आल्या. त्या दोन्ही बाजूंच्या नाहीत. त्यांची स्वतंत्र बाजू आहे आणि ती आम्हा दोघांच्या वादापेक्षा जास्त खरी असते, असं माझं जुनं मत आहे.

“इतकं लीड-लीड करायलेत,” मामी म्हणाल्या, “२ नोव्हेंबरला आपल्या पोरींनी विश्वचषक घेतला, तो कितीनं? सांगा.”

मामा गप्प.

“बावन्न धावांनी. आपल्या २९८ झाल्या, आफ्रिका २४६ला गारद. त्या दीप्तीनं आधी ५८ काढल्या, मग पाच विकेटी. मी जागी होते शेवटपर्यंत. हे घोरत होते.”

मामांनी अब्रू वाचवायला रेल्वेचा आधार घेतला. खेळाडू म्हणाल तर आमच्या खात्यात बघा. स्वप्निल कुसाळे, कोल्हापूरकडचा पोरगा, मध्य रेल्वेत टीसी, १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्य. “डब्यात तिकीट मागणारा माणूस,” मामा अभिमानानं म्हणाले. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्रातल्या माणसाला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इतकं मामांना ठाऊक आहे.

“आणि भाग्यश्री जाधव?” मी विचारलं.

“कोण, त्या मुखेडच्या?”

मुखेडच्याच. होनवडजच्या. आमच्या गावाचं आणि मुखेडचं नाव बाहेरच्यांना एकच वाटतं. मुखेडला काही झालं की पुण्याचे पाव्हणे मुदखेडला फोन करतात. पण मामांनाही नाव आठवायला वेळ लागला. पॅरिसच्या पॅरालिंपिकचं उद्घाटन २८ ऑगस्ट २०२४ला झालं. भारताचा ध्वज दोघांच्या हाती होता: भालाफेकीचा सुमित अंतिल आणि गोळाफेकीची भाग्यश्री जाधव. नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी व्हीलचेअरवर बसून जगापुढं देशाचा झेंडा नेतेय, आणि त्या आठवड्यात आमच्या ओट्यावर चर्चा कसली? वसंतरावांच्या जागी आता उमेदवार कोण. खासदारांना जाऊन दोन दिवस झाले होते. दुःख खरं होतं, मी नाकारत नाही. पण ओट्यावर दुःखापेक्षा गणितंच जास्त मांडली जात होती. भाग्यश्रीनं आधी हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य घेतलं होतं. त्या रौप्याचं अंतर किती, हे आमच्या ओट्यावर कुणालाच सांगता येणार नाही.

“तिचं कौतुक झालं ना. सत्कार झाले,” मामा म्हणाले.

“सत्कार झाले की पुढाऱ्यांचे फोटो छापून येतात. गोळा फेकायला तालुक्याला मैदान आहे का, हे कोण विचारतं?”

“विचारायला माणूस लागतो,” मामा म्हणाले. आमचा वाद असा फिरून फिरून भोपळे चौकात येतो.

मामींना यातलं काहीच महत्त्वाचं वाटत नव्हतं. त्यांना केवायसीची घाई होती. लाडक्या बहिणीची. १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली होती, तरी गल्लीतल्या बायका रोज त्यांना घेऊन सेतूवर जायच्या, कारण स्वतःच्या आधाराबरोबर नवऱ्याच्याही आधाराचा ओटीपी लागायचा आणि नवरा पुण्याला कामावर. “म्हंजे यांना मोबाइल लावायचा, त्यांनी तिकडून आकडा सांगायचा, तोवर हिकडं साइट बंद.” मामींना स्वतःला हे पैसे मिळत नाहीत, घरात सरकारी पेन्शन असली की नाव बसत नाही. “तुझ्या मामाच्या पेन्शनीमुळं मी लाडकी नाही,” त्या म्हणाल्या. या वाक्यावर मात्र मामा मनापासून हसले.

मामी गेल्यावर मामांनी वेगळा सूर काढला. मला वाटतं, माझ्या मैदानाच्या प्रश्नानं त्यांना टोचलं होतं. “तू म्हणतोस मी फक्त आकडे मोजतो. चल, लाइनीचं विचार.”

लाइनीचं त्यांना खरंच कळतं. मुदखेड जंक्शनवरून एक फाटा उमरी-धर्माबादमार्गे निजामाबादकडे जातो, दुसरा भोकर-किनवटमार्गे आदिलाबादकडे. नांदेड विभाग दक्षिण-मध्य रेल्वेत. मामांच्या नोकरीचे सगळे हुकूम सिकंदराबादहून यायचे, आणि मराठवाड्याची लाइन मध्य रेल्वेला जोडा ही मागणी त्यांनी तरुणपणापासून ऐकली. मुदखेड ते परभणी ८१ किलोमीटर दुहेरी झाली. परभणीच्या पुढं एकेरी, म्हणून मुंबईची गाडी क्रॉसिंगला कुठल्यातरी छोट्या स्टेशनात उभी. २६ ऑगस्ट २०२५ला वंदे भारत नांदेडहून सुटायला लागली. नांदेड ते मुंबई साडेनऊ तास. “वंदे भारत असली म्हणून काय, समोरून गाडी आली की तीबी थांबणार. रूळ एकच हाय.” परभणी ते छत्रपती संभाजीनगर १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला जुलै २०२५मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. मुदखेड ते मेडचलच्या दुहेरीकरणाला ऑगस्ट २०२३मध्ये मिळाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग २००८-०९मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाला. “बाकीचा माझ्या हयातीत बघायला मिळाला तर बरं.”

“बघा,” मी म्हटलं, “हे तुम्हाला एवढं ठाऊक आहे. मग चर्चा याची का करत नाही?”

“कोण ऐकणार? ओट्यावर १७७ किलोमीटर म्हटलं तर लोक उठून जातात. लीड म्हटलं की बसतात.”

हे उत्तर मला पटलं, आणि त्याचाच राग आला. मामांना सगळं माहीत असतं. ते बोलतात तेवढंच, जेवढ्यावर चार माणसं बसून राहतील. ओट्यावर बसणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच असावं. प्रत्येकाकडं त्याच्या कामाची एकेक पक्की माहिती आहे. कुणाला लाइन कळते, कुणाला हैदराबादच्या फुलबाजारातला काकड्याचा दर कळतो, कुणाला तलाठी कचेरी कळते. सगळे एकत्र आले की बोलतात मात्र ज्यातलं सगळ्यांना सारखंच थोडं कळतं, त्यावर.

मग मी मुदखेडचंच उदाहरण काढलं. अशोकराव १९९९ आणि २००४ला निवडून आले ते मुदखेड विधानसभा मतदारसंघातून. ८ डिसेंबर २००८ला, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर विलासरावांनी राजीनामा दिल्यावर, ते मुख्यमंत्री झाले. म्हणजे मुदखेडचा आमदार राज्याचा मुख्यमंत्री. गावात केवढे फटाके वाजले. आणि पुढच्याच, २००९च्या निवडणुकीत मुदखेड नावाचा मतदारसंघच उरला नाही. पुनर्रचनेत आम्ही भोकरमध्ये गेलो. तेव्हापासून भोकरमध्ये अशोकराव, अमिताताई, पुन्हा अशोकराव आणि आता श्रीजया.

“जागा गेली तेव्हा कुणी काय म्हणालं होतं?” मी विचारलं.

मामांनी बराच विचार केला. “मुख्यमंत्री आपला हाय म्हटल्यावर मतदारसंघाचं काय घेऊन बसायचं, असं वाटलं.”

मला जे म्हणायचं होतं ते याहून नेमकं मला मांडता आलं नसतं. आपला माणूस वर असला की खाली नियम बदलताना कुणी बघत नाही.

२०२५च्या ऑगस्टातही तेच. १८ तारखेला मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्यानं हसनाळ, रावणगाव, भासवाडीत हाहाकार केला, माणसं गेली, सैन्य बोलवावं लागलं. दशकानुदशकं रखडलेल्या धरणात त्या वर्षी पाणी अडवलं आणि गावं पुरती उठली नव्हती, असं तिथले लोक सांगतात. आठवडाभर सगळं राज्य मुखेडकडे बघत होतं. महिनाअखेरीला मुंबईत आझाद मैदानावर मराठा आरक्षणाचं आंदोलन सुरू झालं, २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, आणि बघणाऱ्यांच्या नजरा तिकडं वळल्या. गॅझेटचा प्रश्न लहान नाही. आमच्या घराघरात त्यावर दोन मतं आहेत. पण हसनाळच्या पुनर्वसनाचं पुढं काय झालं, हे मुदखेडात विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतील. मग ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज आलं. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, तीन हेक्टरपर्यंत. एकतीस हजार कोटी सगळ्यांना पाठ झालं. आपल्या खात्यावर किती आले आणि फार्मर आयडी नसल्यानं कुणाचे अडकले, हे ज्याचं त्यानं बघावं.

मामांनी शेवटची बाजू लढवली. “परवाच केंद्रानं जाहीर केलं ना, पुढल्या खरिपापासून रानडुकराचं नुकसान विम्यात धरणार म्हणून. कुणीतरी बोललं असंलच की. कोण बोललं? निवडून दिलेलाच माणूस बोलला असंल.”

“बोलला असेल. पण पाणी शिरल्याचं कलम परत आलं का, ते सोयाबीनवाल्यांनी विचारलं पाहिजे. केंद्रानं बुडालेल्या भाताचं नाव घेतलंय.”

“मग विचार की. येत्यात आता दारात.”

येणारच होते. नगरपालिकेचा प्रचार रंगात आला होता. शेजारच्या लोह्यात एका पक्षानं एकाच घरातले सहा जण उभे केले होते, त्यावर मामांची करमणूक चालू होती. सहांचं मिळून लीड किती निघेल, याचा अंदाज त्यांनी कागदावर मांडूनही ठेवला होता. नगरसेवकाच्या हातात पीकविमा नाही, हे मला कळतं. पण मत मागायला त्याच्या मागं जे आमदार-खासदार येतील, त्यांच्या हातात आहे. तेव्हा मुदखेडकरांनो, गाडी दारात थांबली की हार घालायच्या आधी एक प्रश्न विचारा: आमच्या शेतात पाणी शिरलं तर विमा मिळणार की नाही? उत्तर ‘बघू’ असं आलं तर तेही लिहून ठेवा.

त्या वर्षी रब्बी ज्वारीचा विमा भरायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर होती, गहू-हरभऱ्याची १५ डिसेंबर. मतदान २ डिसेंबरला होतं.